कारकून आणि ख्याल

आई आता 81 वर्षांची आहे. सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, हे तिला अर्ध्या तासानं आठवत नाही. मात्र तिलवाडा तालातला बडा ख्याल गाताना मुखडा पकडून समेवर येते ती बरोब्बर, एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. गेल्या दिवाळीत माझा मुलगा पुण्याहून ग्वाल्हेरला आला होता. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका सकाळी तिसऱ्यांदा "मी गोळी घेतली का गं?" ऐकल्यावर तो म्हणाला, "आजी, तुझी हार्ड डिस्क एकदम झकास आहे, फक्त रॅम गेलीय."

आई म्हणाली, "म्हणजे माझ्यात राम उरला नाही म्हणतोस!"

सगळे हसलो, पोहे खाल्ले, विषय संपला. पण मी तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय. उपमा कानावर पडली की ती कुठवर ताणली जाते आणि कुठे तुटते, हे बघायची खोड जात नाही.

रॅम म्हणजे काम चालू असेपर्यंत हाताशी धरून ठेवलेली माहिती. आई गाते तेव्हा सोळा मात्रांचं आवर्तन, चालू असलेली तान, पुढे कुठून मुखडा उचलायचा ते, आणि समोर बसलेल्या मुलीची चुकलेली टाळी, इतकं सगळं एकाच वेळी धरून असते. म्हणजे रॅम शाबूत आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या बंदिशी शाबूत, म्हणजे डिस्कही शाबूत. बिनसलंय ते मधलंच काहीतरी: आज सकाळी घडलेलं आत रुजत नाही.

याचं टोकाचं उदाहरण मेंदूविज्ञानात प्रसिद्ध आहे. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या 27 वर्षांच्या तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा आणि आजूबाजूचा काही भाग काढून टाकला. फेफरं कमी झालं, पण त्यानंतर त्याला नवं काही लक्षात राहीना. आकडा क्षणभर धरून ठेवता यायचा, लहानपण आठवायचं, पण पाच मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस परका. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे भलतंच अवघड असतं, हात उलटा जातो. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला, आणि आपण हे पूर्वी कधी केलंय याचा मात्र त्याला पत्ता नव्हता. हाताला जे समजलं होतं ते हाताच्या मालकाला ठाऊक नव्हतं.

हे मी मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग ते वेगळं पार्टिशन असेल, डिस्कचाच वेगळा पाडलेला भाग." इथे मला उपमेचा पहिला संशय आला. काहीही सांगा, संगणकात त्याला एक शब्द तयार असतो. जी उपमा कधी हरतच नाही, तिच्याकडून आपण काय शिकणार?

आता जरा मागे जाते. आईचे आजोबा शिंदे सरकारच्या दप्तरात कारकून होते. ग्वाल्हेरातली निम्मी मराठी घरं अशीच कुणाच्या ना कुणाच्या दप्तरामागून इकडे आली. आजोबांचं काम म्हणजे रोजकीर्दीतले आकडे खतावणीत चढवायचे, बेरीज करायची, शिल्लक पुढच्या पानावर ओढायची. त्यात त्यांना काय वाटतं याचा संबंध नव्हता. कागद, ठरलेली चिन्हं, ठरलेले नियम, आणि नजर एका वेळी एका रकान्यावर.

कॉम्प्युटर या शब्दाचा मूळ अर्थ हाच. तो माणसाचा हुद्दा होता. एव्हरेस्ट जगात सर्वांत उंच, हा हिशेब ज्यांच्या नावावर सांगितला जातो ते राधानाथ सिकदार सर्वेक्षण खात्यात 'चीफ कॉम्प्युटर' होते. आणि 1936 साली अ‍ॅलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञानं ज्या काल्पनिक यंत्रातून आजचा संगणक निघाला ते यंत्र मांडलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हिशेब करणारा माणूसच होता. मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीवर तो आकडे लिहितो, एका वेळी मोजक्याच चौकटी बघतो, नियम पाळतो, खोडतो, पुढे सरकतो. या माणसातून घाम, कंटाळा आणि चहा वजा केल्यावर जे उरतं ते ट्युरिंगचं यंत्र. थोडक्यात, यंत्रावरून माणूस सुचला नव्हता, माणसावरून यंत्र सुचलं होतं. तेही अख्ख्या माणसावरून नव्हे, त्याच्यातल्या कारकुनावरून.

या कारकुनाची एक जुनी खूण आमच्या किल्ल्यावर आहे. चढाच्या वाटेवर चतुर्भुजाचं छोटं, एकाच खडकात कोरलेलं देऊळ लागतं. तिथल्या शिलालेखात 270 आणि 50 हे आकडे आहेत, आणि दोन्हींतलं शून्य अगदी आपण काढतो तसं, बारीक गोल. लेख विक्रम संवत 933 चा, म्हणजे इसवी सन 876 चा. गाइड लोक 'दुनिया का पहला झीरो' म्हणून दाखवतात, ते काही खरं नाही. कंबोडियात 683 सालच्या लेखात ठिपक्याचं शून्य आहे. पण मला त्या लेखातली नोंद जास्त आवडते: बागेसाठी 270 हात लांब, 187 हात रुंद जमीन दिली आणि देवाला रोज 50 हार पोचवायचे. शून्याच्या थोरवीबद्दल तिथे अक्षर नाही. आहे तो निव्वळ जमाखर्च, डोक्यावरचं ओझं दगडावर उतरवून ठेवलेला.

विसाव्या शतकाच्या मध्यात मग एक गमतीदार अदलाबदल झाली. 1943 साली मॅकलॉक आणि पिट्स या दोन अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की चेतापेशी पेटते किंवा पेटत नाही, एवढंच धरलं तर पेशींच्या जाळ्यातून तर्कशास्त्राची विधानं बांधता येतात. दोनच वर्षांनी जॉन फॉन नॉयमननं नव्या संगणकाचा आराखडा लिहिला. आज आपल्या टेबलावरची यंत्रं ज्या घडणीची आहेत, म्हणजे हिशेब करणारा भाग वेगळा आणि स्मृती वेगळी, ती त्या आराखड्यातली. त्या अहवालात एकाच छापील शोधनिबंधाचा हवाला आहे, आणि तो याच मॅकलॉक-पिट्सचा. संगणकाचं वर्णन चेतापेशीच्या भाषेत झालं, आणि पुढे लोक चेतापेशीचं वर्णन संगणकाच्या भाषेत करू लागले. दोन आरसे समोरासमोर ठेवले की प्रतिमा पुष्कळ दिसतात, माणूस एकच असतो.

प्रत्येक काळात जे यंत्र नवलाचं, त्याच्यासारखा मेंदू, असंही नेहमी सांगितलं जातं. देकार्तच्या वेळी पाण्याच्या दाबावर हलणाऱ्या बाहुल्या, एकोणिसाव्या शतकात तारयंत्र, मग टेलिफोन एक्स्चेंज. यावरून 'बघा, ही उपमाही तशीच फुसकी' असा निष्कर्ष काढतात, तो मला पटत नाही. विल्यम हार्वेनं 1628 मध्ये रक्ताभिसरण मांडलं, तेव्हापासून हृदय म्हणजे पंप हीही यंत्राचीच उपमा, आणि ती शब्दशः खरी ठरली. काही उपमा ठरतात.

तर ही ठरते का? मी घरातच बघितलं.

माझ्या मोबाइलवर आईची हमीर रागातली एक बंदिश दोन वेळा रेकॉर्ड केलेली आहे, दोन वर्षांच्या अंतरानं. लागोपाठ ऐकल्या. स्थायी जवळजवळ तीच. अंतऱ्यात एका जागी पहिल्या वेळी ती धैवतावर थांबून पुढे जाते, दुसऱ्या वेळी न थांबता सरळ षड्जावर, आणि एक शब्द चक्क बदललाय. तिला दोन्ही ऐकवल्या. डोळे मिटून ऐकल्या आणि म्हणाली, "तेच तर आहे." मी फरक दाखवला, तर जरा चिडून: "अगं, वळण तेच आहे ना? दादांनी असंच शिकवलं." मग मी म्हटलं, फक्त अंतऱ्याची दुसरी ओळ म्हण. तिला ती धरता येईना. ओठ हलले, मात्रा मोजणारी बोटं मांडीवर सुरू झाली, स्थायीपासून गुणगुणत आली तेव्हा ओळ आपोआप हजर.

हे तुम्हीही करून बघा. 'थ' नंतर काय, हे सांगता येतं. 'थ' च्या आधी काय म्हटलं की बहुतेक जण मनात 'ट ठ ड ढ' पासून निघतात. तेरा नवं किती म्हटलं की आमच्या पिढीतही अनेकांना 'तेरा एके तेरा' पासून सूर लावावा लागतो. संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक कप्प्याला पत्ता असतो, कुठलाही कप्पा सारख्याच वेळात उघडतो, आणि त्यात काय आहे याची कप्प्याला फिकीर नसते. आईकडे पत्ते नाहीत. तिच्याकडे वाटा आहेत.

मुलगा म्हणाला, "लिंक्ड लिस्ट आहे, इतकंच. प्रत्येक गोष्टीत पुढच्या गोष्टीचा पत्ता." हे अगदीच चुकीचं नाही. पण बदललेला शब्द? लिंक्ड लिस्ट दोन वेळा वाचली तर दोन वेळा तीच येते.

जॉन हॉपफील्डनं 1982 साली याला एक वेगळं उत्तर सुचवलं. समजा पुष्कळ साध्या पेशी एकमेकींशी जोडलेल्या आहेत आणि आठवण कुठल्याही एका पेशीत नसून जोडण्यांच्या कमी-जास्त ताकदीत पसरलेली आहे. अशा जाळ्याला आठवणीचा एक तुकडा दिला की ते घरंगळत घरंगळत पूर्ण आठवणीशी जाऊन थांबतं, जसं पावसाचं पाणी कुठेही पडलं तरी जवळच्या खळग्यात जमतं. पत्ता लागत नाही, तुकडाच पत्ता. तेच जाळं साठवतं, तेच आठवतं. दप्तर वेगळं आणि कारकून वेगळा असं नाहीच. शिवाय खळगे जवळजवळ असले तर पाणी शेजारच्या खळग्यात जातं, म्हणजे एका बंदिशीचा शब्द दुसरीत. हॉपफील्डना 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी.

आणि आठवण काढणं हे नुसतं वाचणंही नसावं. 2000 साली करीम नादर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला. एक आवाज आणि पाठोपाठ विजेचा झटका, असं शिकवल्यावर उंदीर आवाजालाच थिजतो. दुसऱ्या दिवशी तो आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच अमिग्डाला या भागात प्रथिनं बनणं रोखणारं औषध टोचलं. पुढे भीती बरीचशी गेलेली. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं तर भीती होती तशीच. म्हणजे आठवण वर काढली की ती थोडा वेळ मऊ होते आणि पुन्हा घट्ट व्हायला तिला नव्यानं मालमसाला लागतो. सगळ्या आठवणींत, सगळ्या वेळी असं होतंच असं नाही. कधी होतं आणि कधी नाही यावर पुढे पुष्कळ काम झालं. तरी फाइल उघडली, बघितली, बंद केली, हे चित्र इथे लागू पडत नाही. बंदिश प्रत्येक गाण्यात थोडी नव्यानं बसते, हे गाणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

इतकं म्हटल्यावर उपमा मोडीत काढावी असं वाटेल. पण दुसरी बाजू जोरदार आहे, आणि ती मुलानंच मांडली. वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेत होते. अचानक फळाचा रस मिळाला की पेशी खडखडतात. रसाआधी दिवा लागतो हे माकड शिकलं की पेशी दिव्याला खडखडतात, रसाला नाही. दिवा लागून रस आलाच नाही, तर रस यायचा नेमक्या त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही गप्प होतात. गजकेचा, म्हणजे आमच्याकडच्या तिळाच्या मिठाईचा, डबा उघडल्याचा आवाज यावा आणि आत सुई-दोरा निघावा, तसं. इकडे संगणकाला चुकांतून शिकवणाऱ्या लोकांनी एक सूत्र आधीच तयार ठेवलं होतं: मिळालेलं वजा अपेक्षित, आणि त्या फरकावरून पुढची अपेक्षा सुधारायची. 1997 साली शुल्ट्झ, दायन आणि मॉन्टेग्यू यांनी दाखवलं की पेशींची खडखड या सूत्राशी जुळते. सूत्र आधी यंत्रासाठी लिहिलं गेलं आणि नंतर माकडाच्या डोक्यात सापडलं. ही उपमा न घेता हे सुचलं असतं का, याची मला शंका आहे.

मग गोंधळ कुठे होतो? डेव्हिड मार या ब्रिटिश शास्त्रज्ञानं याची फोड चांगली केली होती. त्याचं पुस्तक तो गेल्यावर 1982 मध्ये आलं. कुठल्याही हिशेबी यंत्राला तीन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. काय करायचं आहे? कुठल्या रीतीनं? आणि कशाच्या साहाय्यानं? बेरीज पणजोबा बोटांवर करत, भाजीवाली मनात करते, कॅल्क्युलेटर चिपवर करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिघांचं एक, उरलेल्या दोन्हींची वेगळी. डोपामाइनमध्ये उपमा पहिल्या आणि थोडीफार दुसऱ्या प्रश्नाला लागू पडते. 'रॅम गेलीय' म्हणणारा तिसऱ्याला लावतो, आणि तिथे मेंदूत ना रॅम ना डिस्क. आहेत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी, आणि सगळ्यांचा मिळून खर्च 20 वॅटच्या आसपास. आमच्या बैठकीतला पंखा याच्या तिप्पट खातो.

दुसरा प्रश्न, रीतीचा, सर्वांत फसवा. 24 फेब्रुवारी 2010 ला मी कॅप्टन रूपसिंह स्टेडियममध्ये होते. सचिनच्या 200 बद्दल सगळे सांगतात; मला सीमारेषेवरचे धावणारे आठवतात. उंच उडालेला चेंडू कुठे पडेल हे काढायला मी मुलांना वेग, कोन आणि गुरुत्वाकर्षण घेऊन अर्धं पान लिहायला लावायचे. क्षेत्ररक्षक ते करत नाही. मॅक्लाउड आणि डीन्स यांनी 1993 साली झेल घेणाऱ्यांचं चित्रण करून दाखवलं की खेळाडू चेंडूवर नजर ठेवून आपला वेग असा सांभाळतो की नजरेचा कोन एका विशिष्ट संथ चालीनं वाढत राहावा. तो भसकन वाढला तर मागे सरायचं, वाढायचा थांबला तर पुढे. चेंडू कुठे पडणार हे त्याला कळलेलं नसतं. तो पडतो तेव्हा हा तिथे असतो. काम तेच, पण चौकटीच्या वहीची गरजच नाही, कारण अर्धा हिशेब पाय करतात आणि उरलेला चेंडू स्वतः.

म्हणूनच 'संगणक' म्हणजे आपण कोणता संगणक म्हणतो हे आधी ठरवायला हवं. कारकून म्हणत असू, तर मन त्याच्यासारखं फार थोड्या वेळा वागतं, आणि तेव्हाही कागद-पेन्सिल लागते. नियमबद्ध बदल करणारी कुठलीही व्यवस्था म्हणत असू, तर मेंदू संगणक आहेच, पण मग ते म्हणून फारसं काही सांगितलं जात नाही.

2017 साली एरिक जोनास आणि कॉनराड कॉर्डिंग यांनी तर डावच उलटा टाकला. मेंदूची उपमा संगणकाला. 6502 नावाची जुनी चिप घेतली, अ‍ॅपल-2 मध्ये असायची ती. तिच्या 3,510 ट्रान्झिस्टरांची, म्हणजे विजेच्या बारीक खटक्यांची, नक्कल संगणकात चालवली आणि तिच्यावर तीन व्हिडिओ गेम लावले, त्यातला एक डाँकी काँग. मग मेंदूशास्त्रज्ञ करतात ते सगळं केलं. एकेक ट्रान्झिस्टर मारून बघितला. काही मेले की एकच गेम बंद पडतो, बाकीचे चालतात. मेंदूत असं दिसलं असतं तर मथळा तयार होता: डाँकी काँगचं केंद्र सापडलं! प्रत्यक्षात त्या ट्रान्झिस्टराला डाँकी काँग माहीतही नसतो. तो कुठल्यातरी बारक्या सामान्य कामातला एक खिळा. लहरी मोजल्या, कोण कुणाबरोबर पेटतो हे काढलं, सुंदर आलेख निघाले, आणि चिप कशी चालते हे त्यातून समजलं नाही. जिचा नकाशा माणसानंच काढला होता, ती चिप. मेंदूचा कुठलासा भाग रंगीत दाखवून 'प्रेमाचं केंद्र' म्हणणारी बातमी आली की मला या दोघांचा शोधनिबंध आठवतो.

वायरींचा पूर्ण नकाशा मिळाला तरी पुरत नाही, हे एका जंताच्या बाबतीतही दिसलं आहे. त्याच्या जेमतेम 302 चेतापेशी, जोडण्यांचा नकाशा 1986 पासून छापील आहे. तरी निव्वळ नकाशावरून तो जंत पुढे काय करेल हे सांगता येत नाही. जोडण्यांवरून वाहणारी रसायनं त्याच जाळ्याला घटकेत एक, घटकेत दुसरं करतात. आईचंही तसंच. घसा बसला की तीच चीज ती वेगळी गाते, सपाट तान सोडून बेहलाव्यांवर, म्हणजे संथ, घोळवलेल्या स्वरांवर वेळ काढते. हे तिनं ठरवलं की घशानं, तिलाच विचारलं तर हसते.

मुलाचं हल्लीचं काम भाषेच्या मोठ्या मॉडेलांवर आहे. निघायच्या आदल्या रात्री तो आजीला ते समजावत होता. हे मॉडेल पुस्तकं कपाटात ठेवल्यासारखी ठेवत नाही. लाखो-करोडो ओळी वाचताना त्याच्या जोडण्यांची वजनं बदलत जातात आणि ओळी विरघळून जातात; काही तुकडे मात्र घोकल्यासारखे जसेच्या तसे बाहेर पडतात. विचारलं की ते दरवेळी नव्यानं बांधून सांगतं, कधी एखादा शब्द बदलून, कधी चक्क खोटं, पण वळण तेच. खाली चिपवर अजून कारकूनच बसलाय: आकडा उचल, गुण, ठेव. वर मात्र जे दिसतं ते कारकुनासारखं नाही.

"आणि चुकलं तर?" आईनं विचारलं. "आत कुठे चूक आहे ते शोधून काढता?"

"नाही गं. आत नेमकं काय चाललंय ते आम्हालाही नीट कळत नाही. परत शिकवतो. पुन्हा पुन्हा."

"मग तालीमच की ती," आई म्हणाली आणि गोळी घेतली का म्हणून माझ्याकडे बघितलं.